पायझोवर चालणारं सर्किट सुरू होतं, लगेच मरतं, पुन्हा सुरू होतं: दोष कुठे शोधायचा

बुटाच्या टाचेत किंवा गुडघ्याच्या पट्ट्यात पायझो चकती (दाबली-वाकवली की वीज देणारी), तिच्यामागे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मग साठवणीचा कपॅसिटर, बक रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा) आणि शेवटी ब्लूटूथवाला मायक्रोकंट्रोलर. थोड्याफार फरकानं सगळ्यांची रचना हीच असते आणि तक्रारही हीच. माणूस चालायला लागतो, काही मिनिटांनी सर्किट जागं होतं, फोनवर एखादं पॅकेट दिसतं किंवा तेही दिसत नाही, आणि सगळं ठप्प. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तोच खेळ. टेबलावर हातानं जोरजोरात हलवलं तर चालतं. प्रोग्रामरची (कोड भरायच्या उपकरणाची) केबल लावली तर फारच छान चालतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "ऊर्जा कमी पडतेय, मोठी चकती लावा". पण जरा थांबा. सर्किट एकदा तरी सुरू होतंय, याचा अर्थ सुरू होण्याच्या व्होल्टेजपर्यंत आवक गळतीपेक्षा जास्त आहे. म्हणजे अजिबात सुरू न होणारं सर्किट आणि सुरू होऊन मरणारं सर्किट हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात गळती शोधायची, दुसऱ्यात सुरू होण्याचा खर्च मोजायचा. दोन्हींवर एकच औषध देत बसलं की आठवडे जातात.

आधी आकडे मांडा

उदाहरण घेऊ. चकतीचा कपॅसिटन्स २० नॅनोफॅरड, चालताना उघड्या टोकांवर २० व्होल्टचं शिखर, वारंवारता १ हर्ट्झ. चालताना एकच टाच धरली तर साधारण सेकंदाला एकदाच टेकते, त्यामुळे १ हर्ट्झ हा आकडा बऱ्यापैकी खरा आहे. पूर्ण ब्रिजमधून दर आवर्तनाला मिळणारा चार्ज म्हणजे ४ × चकतीचा कपॅसिटन्स × (शिखर व्होल्टेज वजा साठवणीचं व्होल्टेज). डायोडचा ड्रॉप सध्या सोडून देऊ. साठवण रिकामी असताना सरासरी १.६ मायक्रोअँपिअर मिळतात, ती ५ व्होल्टवर पोचली की १.२ मायक्रोअँपिअर. एवढीच आवक. मिलि नाही, मायक्रो.

आता एलटीसी३५८८-१ ही ब्रिज आणि बक एकत्र असलेली चिप घ्या, कारण या कामाला बहुतेक जण हीच चिप वापरतात. ३.३ व्होल्ट आउटपुट निवडलं तर ती इनपुट सुमारे ५.०५ व्होल्टला पोचल्यावर सुरू होते आणि ३.६७ च्या आसपास घसरलं की बंद होते. बंद असताना स्वतः ४५० नॅनोअँपिअर खाते, सुरू असताना बिनलोडचे ९५०. साठवण १०० मायक्रोफॅरड धरली तर शून्यापासून ५ व्होल्टपर्यंत ५०० मायक्रोकूलॉम लागतात, निव्वळ आवक उरते ०.९५ मायक्रोअँपिअरच्या आसपास. जवळपास नऊ मिनिटं चालल्यावर पहिला श्वास. आणि त्या श्वासात हाताशी येणारी ऊर्जा किती? अर्धा × १०० मायक्रोफॅरड × (५.०५ चा वर्ग वजा ३.६७ चा वर्ग), म्हणजे ०.६ मिलिज्यूल. कपॅसिटरमध्ये एकूण त्याच्या दुप्पट ऊर्जा साठलेली असते, पण खालची निम्मी या चिपला वापरता येत नाही.

हा ०.६ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्याच्याशीच आहे.

मीटरऐवजी स्टॉपवॉच

निव्वळ आवक मोजायला मल्टिमीटर लावलात तर मोजायचंच बिघडतं. नेहमीच्या डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो, ५ व्होल्टवर तो ०.५ मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे निव्वळ आवकेचा निम्म्याहून जास्त भाग. स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) १० पटीचा प्रोब तेवढंच ओढतो आणि १ पटीवर ठेवलेला प्रोब ५ मायक्रोअँपिअर. "मीटर काढला की चालतं, लावला की चालत नाही" ही तक्रार भुताटकीची नसते.

त्यापेक्षा सर्किटचा आजारच मोजमापाला वापरा. दोन रीसेटमधला वेळ घड्याळ लावून टिपा. साठवण ३.६७ वरून ५.०५ ला चढायला लागणारा चार्ज १०० मायक्रोफॅरड × १.३८ व्होल्ट, म्हणजे १३८ मायक्रोकूलॉम. त्याला सेकंदांनी भागलं की निव्वळ आवक हातात. आपल्या उदाहरणात ती ०.८ च्या आसपास असायला हवी, म्हणजे साधारण तीन मिनिटांना एक झटका. पाच मिनिटं लागत असतील तर निव्वळ आवक ०.४६ वर आली, म्हणजे सुमारे ०.३४ मायक्रोअँपिअरचं पाणी कुठेतरी मुरतंय. कुठलंही उपकरण न लावता, अंगावर घालून, खऱ्या चालीवर हे मोजता येतं. म्हणून मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

यात एक अट आहे: कपॅसिटरची खरी किंमत माहीत हवी. छापलेली नव्हे. एक्स५आर जातीच्या छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याचा कपॅसिटन्स कोसळतो. ०८०५ आकाराचा, ६.३ व्होल्ट रेटिंगचा २२ मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्म्याच्याही खाली गेलेला असणं अगदी नेहमीचं आहे. असे पाच जोडून "१०० झाले" म्हणणाऱ्याकडे प्रत्यक्षात चाळीसही नसतात आणि ०.६ मिलिज्यूलचं जेमतेम पाव मिलिज्यूल होतं. तपासणं सोपं आहे: साठवण बाकीच्या सर्किटपासून सोडवा, ५.०५ च्या थोडं वर भरा, १० किलोओहममधून रिकामी करा आणि ५.०५ वरून ३.६७ ला यायला लागलेला वेळ स्कोपवर पाहा. ०.३२ सेकंद आले तर खरे १०० मायक्रोफॅरड आहेत. ०.१ आले तर जेमतेम ३१. उपाय म्हणजे जास्त व्होल्टेज रेटिंग आणि मोठा आकार, किंवा पॉलिमर टँटलम. पण त्याची गळती आधी पाहून घ्या, ती पुढे येतेच.

तो मरतो नेमका कुठे

आता टेबलावर या. साठवण बाहेरच्या सप्लायनं भरा, सप्लाय काढून घ्या आणि सुरुवातीचे शंभरेक मिलिसेकंद स्कोपवर पकडा. इथे प्रोबचा भार हरकत नाही, कारण आता मिलिअँपिअरची उधळण चालू असते. फर्मवेअरमध्ये प्रत्येक टप्प्यावर एक पिन वर-खाली करा, म्हणजे कुठल्या टप्प्यानं किती व्होल्ट खाल्ले ते शेजारी-शेजारी दिसेल.

पहिली घसरण फर्मवेअर जागं होण्याआधीच दिसते. आउटपुटला ४७ मायक्रोफॅरड असेल तर तो ३.३ व्होल्टला भरण्यात ०.२६ मिलिज्यूल जातात, बकची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साठवणीतून ०.३. साठवण ५.०५ वरून थेट ४.४ ला येते. अजून एक ओळही चाललेली नसते आणि निम्मा खजिना गेलेला असतो. तो पैसा पूर्ण बुडत नाही, बक बंद झाल्यावर मायक्रोकंट्रोलर ३.३ वरून १.८ पर्यंत त्यावर जगतो. पण १.८ च्या खालचं जे उरतं ते दर फेरीत वाया जातं. म्हणून आउटपुट कपॅसिटर डेटाशीट परवानगी देईल तेवढाच ठेवा, "असू दे जास्त" म्हणून दुप्पट करू नका.

दुसरी घसरण लांब, सरळ उताराची. जवळजवळ प्रत्येक वेळी खरा गुन्हेगार हाच असतो: ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. तो स्थिर व्हायला काही शे मिलिसेकंद घेतो आणि चिप कंपनीनं दिलेला सुरुवातीचा कोड तोवर प्रोसेसर पूर्ण जागा ठेवून "झाला का, झाला का" विचारत लूपमध्ये फिरत बसतो. २ मिलिअँपिअर, ३.३ व्होल्ट, ४०० मिलिसेकंद: २.६ मिलिज्यूल. आपल्याकडे पहिल्या घसरणीनंतर साठवणीत उरलेत ०.३ आणि आउटपुट कपॅसिटरमधले वापरता येण्यासारखे ०.१८. एवढ्यात प्रोसेसर साठ-पासष्ट मिलिसेकंद जगतो. ४०० लागतात. यात मोठी चकती लावली तर सर्किट जास्त वेळा मरेल, बस.

उपाय फर्मवेअरमध्ये आहे आणि फुकटचा आहे. सुरुवात चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर (क्रिस्टलशिवायच्या घड्याळावर) करा. क्रिस्टल सुरू करून लगेच झोपा, तो स्थिर झाल्याचा इंटरप्ट आला की उठा. ब्लूटूथ स्टॅक सुरू करणं, सेन्सरची स्वचाचणी, फ्लॅशमधली नोंद, ही सगळी कामं एकाच दमात करायची गरज नसते. एक काम करा, झोपा, साठवण पुन्हा भरू द्या, मग पुढचं. त्यासाठी साठवणीचं व्होल्टेज प्रोसेसरला कळायला हवं, आणि तिथे १०० + १०० किलोओहमचा कायमचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रोधांची जोडी) लावू नका. ५ व्होल्टवर तो एकटा २५ मायक्रोअँपिअर पितो. मॉसफेटनं (इलेक्ट्रॉनिक स्विचनं) मोजण्यापुरता जोडायचा, मोजून झालं की तोडायचा.

ज्यांचा सुरू होण्याचा खर्च खरोखरच कमी होत नाही, त्यांनी साठवण वाढवण्याआधी व्होल्टेज वाढवण्याचा विचार करावा. ४७० मायक्रोफॅरड लावले तर २.८ मिलिज्यूल मिळतात, पण पहिल्या श्वासाला चाळीस मिनिटं लागतात. उलट तेच १०० मायक्रोफॅरड १० व्होल्टपर्यंत भरले तर १० ते ३.६७ मध्ये ४.३ मिलिज्यूल निघतात. शिवाय साध्या ब्रिजमधून पायझो सगळ्यात जास्त शक्ती उघड्या टोकांच्या शिखराच्या निम्म्यावर देतो, आपल्याकडे ते १० व्होल्टच आहे. दोन्ही बाजूंनी फायदा.

पण इथेही एक खोच आहे. मायक्रोकंट्रोलरच्या आधी लोड स्विच लावून रेग्युलेटर मात्र सुरू ठेवलात तर त्याचे ९५० नॅनोअँपिअर चालूच राहतात. १० व्होल्टवर आपली आवक ०.८ मायक्रोअँपिअरवर आलेली असते. साठवण ८ व्होल्टच्या आसपास अडकते आणि १० कधीच दिसत नाही. म्हणून स्विच रेग्युलेटरच्या आधी हवा: बाहेरचा ब्रिज, साठवण, काहीशे नॅनोअँपिअर खाणारा हिस्टेरिसिसवाला (सुरू आणि बंद करण्याचं व्होल्टेज वेगवेगळं असलेला) व्होल्टेज डिटेक्टर, पी-चॅनेल मॉसफेट आणि मग रेग्युलेटर. चिपमधला तयार ब्रिज सोडावा लागतो, त्याला इलाज नाही. साठवणीचे सिरॅमिक आता किमान २५ व्होल्टचे घ्या.

सुरूच होत नसेल तर

हा सुरुवातीला सांगितलेल्या दोनांतला पहिला आजार. इथे गळती शोधायची आणि ती नॅनोअँपिअरमध्ये शोधायची.

साध्या अ‍ॅल्युमिनिअम इलेक्ट्रोलिटिकच्या डेटाशीटमध्ये गळतीची कमाल मर्यादा बहुधा ०.०१ × मायक्रोफॅरड × रेटेड व्होल्ट अशी दिलेली असते. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टला ती २५ मायक्रोअँपिअर येते. कमी व्होल्टेजवर प्रत्यक्ष गळती बरीच कमी असते, पण १ मायक्रोअँपिअर जरी झाली तरी आपला खेळ संपला. बरेच दिवस बिनव्होल्टेजचा पडून असलेला इलेक्ट्रोलिटिक तर सुरुवातीला जास्तच गळतो.

डायोडबाबत सरधोपट सल्ला असतो "शॉटकी लावा, ड्रॉप कमी". पायझोला तो बहुतेक वेळा चुकीचा लागू पडतो. आपल्याकडे २० व्होल्ट आहेत, ०.२ व्होल्ट वाचवून काय मिळणार? मायक्रोअँपिअरच्या प्रवाहावर साध्या सिलिकॉन डायोडचा ड्रॉपही ०.३-०.४ व्होल्टवर येतो. उलट्या दिशेची गळती पाहा: १एन५८१७ ची कमाल मर्यादा २० व्होल्टला १ मिलिअँपिअर, बीएटी५४ ची २५ व्होल्टला २ मायक्रोअँपिअर, १एन४१४८ ची २० व्होल्टला २५ नॅनोअँपिअर, बीएएस११६ ची ७५ व्होल्टला ५ नॅनोअँपिअर. अंगाच्या उबेनं हे आकडे आणखी वाढतात. पायझोला बीएएस११६ सारखाच डायोड. शॉटकीची जागा कॉइल आणि चुंबकाच्या जनरेटरमध्ये, जिथे शिखरच एक व्होल्टच्या आत-बाहेर असतं आणि प्रवाह मिलिअँपिअरमध्ये.

साठवणीचं व्होल्टेज १.२ ते १.८ च्या मध्ये कुठेतरी चढून तिथेच चिकटून बसत असेल तर मायक्रोकंट्रोलर बहुधा मध्ये डिटेक्टर न लावता थेट साठवणीला जोडलेला आहे. सप्लाय इतक्या हळू चढतो की आतलं सर्किट ना धड बंद ना धड सुरू अशा अवस्थेत आवक पिऊन टाकतं. ब्राउनआउटची (व्होल्टेज घसरलं की रीसेट करण्याची) सेटिंग बदलून हे सुटत नाही, कारण ती सेटिंग वाचणारा प्रोसेसरच अजून जागा झालेला नसतो. डिटेक्टर आणि स्विच, दुसरा मार्ग नाही.

आणि केबल लावल्यावरच चालणारं सर्किट? डीबगरच्या डेटा पिनांतून, मायक्रोकंट्रोलरच्या संरक्षक डायोडमार्गे, सप्लाय लाइनला छुपा पुरवठा होत असतो. सप्लायची तार काढली म्हणून सर्किट स्वतःच्या पायावर उभं आहे असं समजू नका, अख्खी केबल काढा. हाच चोरदरवाजा उलटाही चालतो: सेन्सरचा सप्लाय तोडला, पण आयटूसीच्या (सेन्सर जोडायच्या डेटा तारांच्या) पुलअप रोधांमधून तो अर्धवट जिवंत राहिला आणि ४.७ किलोओहममधून ०.७ मिलिअँपिअरपर्यंत ओढत बसला. पॉवरचा एलईडी काढायला मी सांगण्याची गरज नसावी, पण तयार मॉड्यूलवर तो बहुतेक असतोच.

घाम हाही सर्किटचा भाग धरा. चकतीच्या दोन टोकांमध्ये मिठाचा ओला थर आणि फ्लक्सचे अवशेष मिळून १० मेगाओहमचा रोध सहज तयार होतो. १ हर्ट्झला २० नॅनोफॅरडच्या चकतीचा स्वतःचा अवरोधच सुमारे ८ मेगाओहम असतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास माल दारातच जातो. सकाळी चालणारं आणि तासाभरानं मंदावणारं सर्किट दिसलं की आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, वाळवा, लेप द्या, मग बाकीचं.

टेबलावर पास, अंगावर नापास

हातानं हलवताना आपण नकळत चार-पाच हर्ट्झनं आणि चालीपेक्षा कितीतरी जोरात हलवतो. आवक वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, शिखर वाढल्याचा फायदा वेगळा. हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाच्या जनरेटरबद्दल नेहमी दिला जाणारा आकडा पाहा: हातात घातलेलं असताना सरासरी ५ मायक्रोवॅट, मुद्दाम जोरात हलवलं तर १ मिलिवॅट. दोनशे पटींचा फरक. एमआयटी मीडिया लॅबच्या शेंक आणि पॅराडिसो यांनी २००१ मध्ये बुटाच्या टाचेतल्या पीझेडटीतून (पायझो सिरॅमिकमधून) सरासरी सुमारे ८ मिलिवॅट काढून दाखवले, पण तिथे माणसाचं अख्खं वजन त्यावर येत होतं. मनगटावरच्या चकतीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

बीक्यू२५५७० किंवा त्याच्या जातीची ऊर्जा गोळा करणारी चिप वापरणाऱ्यांचा एक खास प्रश्न आहे. ती दर १६ सेकंदांनी २५६ मिलिसेकंद चार्जिंग थांबवून इनपुटचं उघडं व्होल्टेज टिपते आणि पुढचे १६ सेकंद त्याच्या ठरावीक टक्क्यांवर इनपुट धरून ठेवते. सूर्यप्रकाशाला हे उत्तम. सेकंदाला एक पाऊल पडत असताना ती २५६ मिलिसेकंदांची खिडकी दोन पावलांच्या मध्ये आली की टिपलेलं व्होल्टेज खोटं, आणि पुढची सोळा पावलं त्या खोट्यावर. बाहेरून ठरावीक संदर्भ व्होल्टेज देऊन ही सोय बंद करता येते, ती करावी. या चिपची इनपुट मर्यादा ५.१ व्होल्ट आहे, त्यामुळे पायझो थेट जोडण्याचा विचारही नको.

एवढं सगळं ठीक असून आवक महिन्यागणिक कमी होत असेल तर चकतीकडे वळा. नवी असताना तिचा कपॅसिटन्स एलसीआर मीटरनं मोजून लिहून ठेवलेला असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. २० नॅनोफॅरडची चकती १३ दाखवत असेल तर पीझेडटीला तडा गेलाय आणि एक तुकडा इलेक्ट्रोडपासून तुटलाय. कपॅसिटन्स फारसा बदललेला नाही पण व्होल्टेज येत नाही, तर सोल्डर करताना तापून ध्रुवीकरण गेलं असण्याची शक्यता जास्त. पीझेडटी-५एच चा क्युरी बिंदू (ध्रुवीकरण पूर्ण नाहीसं होण्याचं तापमान) २०० अंश सेल्सिअसच्याही खाली असतो, सोल्डरिंगचं टोक त्याच्या कितीतरी वर. कमी तापमानाचा सोल्डर, क्षणभराचा स्पर्श, आणि पीव्हीडीएफच्या (पायझो प्लास्टिकच्या) पट्टीला तर सोल्डर लावूच नका, ती ८० अंशांच्या पुढेच गुण सोडायला लागते. तिथे क्रिम्प किंवा वाहक चिकटद्रव्य. कपॅसिटन्स मधूनच शून्य, मधूनच बरोबर येत असेल तर तार सोल्डरच्या अगदी कडेला तुटलेली असते आणि इन्सुलेशननं तिला धरून ठेवलेलं असतं. तार चकतीवर सिलिकॉननं दाबून, सेंटिमीटरभर ढील देऊन बसवा.